व्हर्नाची साक्ष

आमच्या प्रेट्झेलच्या, म्हणजे खारट वेढ्यांच्या बिस्किटांच्या, कारखान्यात मैद्याची पोती उतरवताना हार्लनची पाठ धरली. कामावरची दुखापत, म्हणून औषधपाण्याचा खर्च विमा कंपनीकडे. डॉक्टरांनी मुद्दाम बनवून घेतलेलं एक महागडं मलम दिलं. हार्लनची बायको व्हर्ना रोज संध्याकाळी ते चोळायची आणि हार्लन कारखानाभर मलमाचे गोडवे गायचा.

वसंतात कंपनीने कळवलं, हे मलम मंजूर औषधांत बसत नाही, साध्या गोळ्या घ्या.

"गोळ्या!" हार्लन भडकला. "मलमाशिवाय मला उभंसुद्धा राहता येणार नाही!"

तेव्हा तो उभाच होता.

त्याने दाद मागितली. सुनावणीला मीच दोघांना गाडीने रेडिंग शहरातल्या न्यायालयात नेलं. हार्लनने मलमाची डबी न्यायाधीशबाईंपुढे ठेवली. त्यांनी झाकण उघडलं.

"मंजुरी वसंतात थांबली. आता झाडांची पानं गळायला लागली. तरी डबी भरलेली?"

"पुरवून पुरवून वापरतोय, बाई."

त्यांनी व्हर्नाला शपथ दिली. व्हर्नाचा चेहरा लालबुंद.

"मलम जूनमध्येच संपलं, बाई," ती म्हणाली. "डबीत माझं हाताला लावायचं क्रीम आहे. भांडी घासल्यावर लावते ते."

कंपनीच्या वकिलाने कागदांत तोंड खुपसलं. त्याचे खांदे हलत होते.

"आणि गुण येतोय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"शनिवारी सगळं गवत कापलं त्याने."

निकाल लागला: मलम नामंजूर. पण चोळण्याने आराम पडतोय हे दिसल्यावर बाईंनी मालिशचे उपचार कंपनीच्या खर्चाने मंजूर केले.

परतताना हार्लन खिडकीबाहेर बघत बसला होता.

"मला सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं असतं, तर त्याच दिवशी दुखायला लागलं असतं तुला!"

"आता मला मंजूर माणूस मिळालाय. तुझी गरज नाही."

"बरं झालं बाई. माझी मनगटं सुटली."

हार्लन त्या मालिशवाल्याकडे एकदाच गेला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कसा आहे रे?"

"शिकलेला आहे, चांगला आहे," हार्लन पुटपुटला. "पण दिवसभर कोण काय म्हणालं, ते सांगत नाही."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे डोकावलो, तर हार्लन सोफ्यावर पालथा पडला होता आणि व्हर्ना शेजारणीची तक्रार सांगत त्याची पाठ रगडत होती.