नकलाकाराची कवळी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी कवळी आहे. दुसऱ्याच्या तोंडातून निघालेली वस्तू हातात घ्यायला कुणालाच आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझे ऐकून तरी घ्या. मी आयुष्यात एकही घास चावलेला नाही. मला केवळ लोकांना हसवण्यासाठी घडवले होते, आणि त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

माझा जन्म एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत झाला. पुढे दातांचे डॉक्टर बसत, मागे कवळीकाका काम करत. खिडकीखाली लांब टेबल होते. त्यावर प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि एक स्पिरिटचा दिवा असे. साऱ्या खोलीवर पिठासारखी पांढरी धूळ बसे. काकांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या दिसत.

काका तरुणपणी नदीपलीकडच्या मुलखातून इथे आले होते. तिकडून आलेल्यांना सगळे 'पलीकडचे' म्हणत. तीस वर्षे झाली तरी काकांना इथल्या भाषेतले 'तो' आणि 'ती' काही जमले नव्हते. दात त्यांच्या तोंडी 'ती' होती आणि कवळी 'तो'. मला ते 'हा माझा कवळी' म्हणत, आणि मला ते फार गोड वाटे. काका मोठे बोलके होते. पेशंटशी बोलत, पोस्टमनशी बोलत, कुणी नसले तर प्लास्टरच्या जबड्यांशी बोलत.

एके दिवशी एक नकलाकार त्यांच्याकडे आला. गावात त्याचे थोडेफार नाव होऊ लागले होते.

"काका, कार्यक्रमासाठी दात हवेत," तो म्हणाला. "माझ्या दातांवर बसतील असे. पुढे आलेले, फावड्यासारखे."

"चालेल, चालेल. पण ती दात एवढी मोठी केली तर तुमचा ओठ मिटणार नाही."

"न मिटू दे! तुम्ही बोलत राहा, काका. तुमचं बोलणं ऐकायला मजा येते."

काका खुलले. माप घ्यायला, मेणाचा नमुना बसवायला, तारेचे आकडे वाकवायला असा तो चार वेळा आला, आणि चारही वेळा त्याने काकांना बोलते केले. काकांना वाटले, आपल्याला मित्र मिळाला. त्यांनी मला जीव ओतून घडवले. कुठे टोचू नये म्हणून माझी कड बोटाने पुन्हा पुन्हा चाचपली. जाताना नकलाकाराने कार्यक्रमाचे तीन पास त्यांच्या हातात ठेवले.

कार्यक्रमाच्या दिवशी काका, काकू आणि त्यांची मुलगी तिसऱ्या रांगेत बसले होते. काकांनी भुवया धुतल्या होत्या. नकलाकाराने पांढरा अंगरखा चढवला, मला तोंडात बसवले आणि तो रंगमंचावर गेला.

तो काकांसारखाच मान तिरकी करून चालला. काकांसारखाच बोलला. "चालेल, चालेल! हा तुमचा जीभ बाजूला घे, ती दात मला दिसू दे!" सभागृह हसले. काकासुद्धा हसले. आपण चुकतो हे त्यांना माहीत होते, आणि नक्कल हुबेहूब होती. त्यांनी काकूंना कोपराने ढोसले.

मग नकलाकाराने खोट्या पेशंटच्या तोंडात चिमटा घातला आणि डोळे वटारले. "आई गं, सोनं! ती सोनं दिसला की माझा हात थरथरते!" त्याने सोन्याचा दात काढून खिशात टाकला आणि लोकांकडे वळून म्हणाला, "पलीकडच्यांसमोर तोंड उघडाल, तर आधी दात मोजून ठेवा!"

लोक खुर्च्यांवर हात आपटून हसले. मी त्याच्या तोंडात होते. त्यातला प्रत्येक शब्द माझ्यावरूनच बाहेर पडत होता. समोर काकांचे तोंड हसता हसता तसेच उघडे राहिले. पुढच्या रांगेतला एक माणूस वळून म्हणाला, "अरे, हेच की ते!"

"बाबा, चला," मुलगी म्हणाली.

"मधेच उठला तर लोकांना वाईट वाटेल," काका पुटपुटले. ते शेवटपर्यंत बसून राहिले.

महिन्याभराने ती मुलगी नकलाकाराच्या मेकअपच्या खोलीत आली. मी आरशापुढे पालथी पडले होते.

"बाबांनी बोलणं सोडलंय," ती म्हणाली. "पेशंटसमोर चिठ्ठीवर लिहून दाखवतात. तोंड उघडायच्या आधी लोक विचारतात, आमचं सोनं सलामत राहील ना? डॉक्टरांनी सोन्याचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. म्हणाले, माझा विश्वास आहे हो, पण लोकांना काय सांगू?"

"अहो ताई, गंमत होती ती. मी सगळ्यांच्या नकला करतो. माझ्या सासऱ्यांचीही करतो."

"मग त्यांचं काम काढून घेतलं का कुणी?"

"तुमचे वडील स्वतः हसत होते. मी वरून पाहिलंय."

"बोलण्यावर हसले. चोर म्हणालात तेव्हा हसले का?"

नकलाकाराने आरशात बघून कपाळावरचा रंग पुसला. "सगळ्यात मोठा हशा तिथंच आला, ताई," तो म्हणाला. "मी काय करू?"

ती निघून गेली. त्या दिवशी मी त्याच्यावर डूख धरला.

तुम्ही विचाराल, कवळी बिचारी कसला सूड घेणार? मित्रांनो, मी सूड घेतला, आणि तो त्याच्याच आळसाच्या जोरावर घेतला. ती नक्कल गावोगाव गाजली. रोज दोन-दोन खेळ होऊ लागले. तो मला धूत नसे. गोड चहा प्यायचा आणि तसाच मला दातांवर दाबायचा. खेळ संपला की रुमालात गुंडाळून खिशात कोंबायचा. त्याच्या खऱ्या दातांवर मी झाकण होऊन बसले होते. माझ्याखाली जे कुजत होते, ते मी कुजू दिले. माझे आकडे त्याच्या दाढांना रोज थोडे थोडे हलवत होते, ते मी हलवू दिले. हिरड्या सुजल्या तरी तो नक्कल सोडीना. सहा वर्षांत त्याचे वरचे सगळे दात गेले. त्यांतला एकेक दात पडताना मला जो आनंद झाला, तो मी तुमच्यापासून लपवणार नाही.

बोळक्या तोंडाने नकला होत नाहीत. त्याने दोन ठिकाणी कवळ्या करवून घेतल्या. एक बोलताना शिट्टी वाजवायची आणि दुसरी हसताना निसटायची. मोठा कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला, तेव्हा तो नाइलाजाने त्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत आला. जुने माप दाखवायला त्याने मला सोबत आणले होते.

टेबलाशी आता मुलगी बसत होती. काका कोपऱ्यात मान खाली घालून एक कवळी घासत होते. बाहेरच्या बाकावर सहा-सात पेशंट होते आणि मधले दार उघडे होते.

तिने त्याला लगेच ओळखले. "करून देईन," म्हणत तिने माप घेतले आणि मला ठेवून घेतले. चार दिवसांनी तो परत आला, तेव्हा मेणाचा नमुना तयार होता आणि बाक तसाच भरलेला होता. "आता उच्चार तपासावे लागतील," ती म्हणाली. "आधी दातांशिवाय, मग मेणाचे दात बसवून. हे वाचा. मोठ्यानं."

दातांशिवाय वाचायला लावायची पद्धत कुठेच नाही. माझ्यासारखी कवळी हे जाणते, पण त्याला कसे कळणार? तिने ड्रॉवरमधून एक कागद काढला. त्यावर त्याचीच नक्कल होती, शब्दन् शब्द लिहिलेली.

त्याने कागद पाहिला, मग तिच्याकडे पाहिले. "दुथरं काही नाही का?"

बाकावर कुणीतरी खुदकन हसले.

"'स'चे उच्चार यातच जास्त आहेत," ती म्हणाली. "वाचा."

"ती थोनं दिथला की..." त्याने सुरुवात केली आणि बाक हसू लागले. एक बाई तर पदर तोंडाला लावून हलत होती. तो थांबला. त्याने हाताने तोंड झाकले.

"हात काढा," मुलगी म्हणाली. "आणि तुम्हीपण हसा की. गंमतच आहे."

त्याने हसायचा प्रयत्न केला. ते त्याला जमले नाही. टेबलावरून मी त्याचे ते उघडे, ओले, रिकामे तोंड बघत होते. ते दृश्य कधी संपूच नये, असे मला वाटत होते. तिने त्याला सगळा कागद वाचायला लावला. 'पलीकडच्यांथमोर' म्हणताना त्याची नजर कोपऱ्यातल्या काकांवर गेली. मग त्याने कागद टेबलावर ठेवला.

"आता तरी झालं थमाधान?" त्याने विचारले.

"नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात काका उठले. त्यांनी मेणाचे दात लावलेला नमुना उचलला, स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात बसवला आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच परक्या माणसांसमोर बोलले. "तोंड मिट. कुठे टोचला का? हा कवळी नीट बसला पाहिजे."

बाकावरच्या एका म्हाताऱ्याला सवयीने हसू फुटले. दुसरे कुणी हसले नाही, तेव्हा तोही गप्प झाला.

ठरल्या दिवशी त्याला कवळी मिळाली. ती उत्तम बसली. काकांच्या घरचे काम कधी वाईट झालेले नाही. ती नक्कल त्याने त्यानंतर केली नाही, असे म्हणतात. त्याला शहाणपण आले की त्या बाकाची धास्ती बसली, ते मला ठाऊक नाही. कारणाशी मला देणेघेणे नाही. काका आता पेशंटशी पुन्हा थोडे बोलतात, पण पहिल्यासारखे नाही. बोलण्याआधी क्षणभर थांबतात. तो एक क्षण त्यांना कुणीही परत देऊ शकणार नाही.

मला तो तिथेच विसरून गेला. मुलीने मला उकळत्या पाण्याने धुतले आणि काचेच्या पेल्यात ठेवले.

मित्रांनो, तुम्ही खूप हसा. नकलाही करा. पण ज्याची नक्कल कराल, त्याला घरी जाऊन त्याच तोंडाने जगायचे असते, एवढे ध्यानात ठेवा. मोठी माणसे तुम्हाला सांगतील की, झाले गेले सोडून द्यावे. काकांनी सोडले असेलही. पण मी पडले कवळी, आणि धरले ते सोडू नये असेच मला घडवलेले आहे.