बिनवासाचा साबण

"साबण कुठला लावलात, ताई?" मावशींनी माझा हात नाकाजवळ नेला.

"बिनवासाचाच, मावशी."

"मग या आत. आणि हळू बोला, बाळंतीण आहे."

बाळंतीण म्हणजे उंदरीण. आमच्या प्रयोगशाळेत जनुकांत फेरफार करून या उंदरांना गुणसूत्राचा एक जादा तुकडा दिलेला आहे. माणसाच्या पोरात एक गुणसूत्र जादा आलं की त्याच्या शिकण्याबोलण्याचं, हृदयाचं काय होतं, ते आम्ही या उंदरांवरून समजून घेतो. संशोधन माझं, पण उंदीर जगवायचे ते मावशींनी. आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस आणि नेमकी आजच ही बया पिल्लांकडे पाठ करून बसली होती. वंश चालवणारी ती एकटीच उरली होती. पिल्लं गेली असती तर माझं सगळं काम पाण्यात!

शेजारच्या पिंजऱ्यात एक साधी लेकुरवाळी उंदरीण होती. मावशींनी तिच्याखालचा मूठभर भुसा घेतला, आधी स्वतःच्या हातमोज्यांना चोळला, मग त्या टाकलेल्या गुलाबी पिल्लांना, आणि ती अलगद तिच्या पिल्लांत सरकवली. परका वास आला तर उंदरीण पिल्लं खाऊनही टाकते. हातमोज्यांतूनसुद्धा वास जातो, हे मावशींचं ठाम मत. म्हणून या बाईने आयुष्यात कधी अत्तर लावलं नाही, साधी पावडरसुद्धा नाही.

"आता झाकण लावा. टक लावून बसलं की तीही बिथरते."

दिवसभर माझा जीव टांगणीला. संध्याकाळी निरोपाचा चहा अर्धा टाकून आम्ही दोघी पिंजऱ्यापाशी गेलो. पिल्लांच्या पातळ कातडीतून पोटात पांढरा ठिपका दिसत होता. दूध! मला रडूच फुटलं.

"अहो, दूध ती प्यायली आणि डोळे तुम्ही काय पुसताय?" असं म्हणत मावशींनी स्वतःचेही पुसले.

मी त्यांना घरी सोडायला गेले. दार राजेंनी उघडलं. राजे म्हणजे मावशींचा धाकटा भाऊ. चाळिशीचा, जन्मतःच एक गुणसूत्र जादा घेऊन आलेला, आई गेल्यापासून बहिणीने सांभाळलेला आणि अत्तराचा भलता शौकीन. रोज सकाळी कुपी घेऊन तो बहिणीच्या मागे लागायचा आणि ती रोज हात मागे घ्यायची, हे मावशींनीच मला हसत सांगितलं होतं.

आज मावशींनी आपणहून हात पुढे केला. "लाव, राजे. आज लाव."

राजेंनी तो हात दोन्ही हातांत धरून हुंगला. भुशाचाच वास आला असणार. मग त्याने कुपीचं बूच घट्ट दाबलं आणि ती खिशात टाकली.

"नको, अक्का. आई पिल्लांना खाईल. उद्या जायचंय ना?"

मावशी काहीतरी सांगणार होत्या. माझ्याकडे बघून थांबल्या.

"हो रे. विसरलेच होते मी."

आणि त्या आत जाऊन नेहमीच्या बिनवासाच्या साबणाने हात धुऊ लागल्या.