डेकवरचं लग्न

"पाऊस सांगितलाय, मॅडम. लग्न आत हॉलमध्येच करू," जहाजाचा व्यवस्थापक दुसऱ्यांदा म्हणाला, तशी नवरी डेल्सीन रडकुंडीला आली. तिला उघड्या डेकवर, समुद्रासमोरच लग्न करायचं होतं.

तिची आई इस्मे मात्र जागची हलली नाही. कारियाकू बेटावर होड्या बांधणाऱ्यांच्या घरात ती वाढली होती.

"इथं रोजच पाऊस सांगतात, बाबा," ती म्हणाली. "एक सर येते नि जाते. खुर्च्या उचलू नका, नुसत्या उलट्या करा. पाहुण्यांना आत रम पाजा. आणि डेल्सीन, तू थांब गं, पावसाआधी तूच डेक भिजवशील!"

सर धो धो कोसळली आणि रमचा दुसरा प्याला भरेपर्यंत निघूनही गेली. उन्हानं डेक वाळला. इस्मेनं व्यवस्थापकाकडे बघून भुवई उडवली.

पण नवरी डेकच्या पुढच्या टोकाशी, लग्न लावणाऱ्या कप्तानासमोर उभी राहिली मात्र, तिच्या डोक्यावरची जाळीची ओढणी उडून थेट समुद्रात गेली. इस्मेला सवय शिडाच्या होडीची. पाठीवर वारा घेऊन जाताना होडीत तो जाणवतही नाही. हे इंजिनाचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर चालून जातंय, हे ती विसरलीच होती.

"आई, आता गं?"

इस्मेनं स्वतःच्या डोक्याचा पिवळा रुमाल सोडला आणि लेकीच्या केसांवर करकचून बांधला.

"ही होडीवाल्यांची गाठ आहे. वाऱ्याच्या बापालाही सुटायची नाही. कप्तानसाहेब, तुमची टोपी सांभाळा आणि लग्न लावा!"