नऊ शिक्के

आमच्या घरात नऊ खोल्या, नऊ म्हातारे आणि विजेचा मीटर एकच. खोली एवढीशी, की पाय पसरले की दाराला लागतात. थंडीत भिंतीवर आतून बर्फ धरतो. विजेची गादी लावायला मनाई. लावली की फ्यूज उडतो आणि खालून देखरेखवाली कु बाई ओरडत येते.

यंदा वस्ती कार्यालयाने म्हाताऱ्यांना हिवाळ्याची मदत दिली. कार्डावर कोळसा-रॉकेल घ्या, नाहीतर विजेच्या बिलातून वळती करा. खोलीत चूल पेटवायची सोय नाही, म्हणजे बिलच. शिवणकाम करून माझे डोळे अधू झाले, पण अर्ज मलाच वाचता येतात. मी सगळ्यांचे सहीऐवजी उमटवायचे नावाचे शिक्के एका पिशवीत गोळा केले, भिंतीवरच्या मीटरचा नंबर नऊ वेळा लिहिला आणि नऊ शिक्के उमटवले. बिल उतरलं की बाई गाद्या लावू देईल, हा माझा हिशेब. तिला विचारायचं मात्र सुचलं नाही. एवढी मी हुशार!

बिल जवळजवळ शून्यावर आलं. मी गादी काखोटीला मारून खाली गेले.

"आजी, वीज भाड्यातच आहे ना? मग सूट मालकाची," कु बाई म्हणाली.

"आणि आम्ही गारठून मरायचं?"

"बिल कमी झालं म्हणून तारा जाड होतात का हो? फ्यूज उडायचा तो उडणारच."

तिचंही खोटं नव्हतं, म्हणून जास्त राग आला. तशीच अर्ज मागे घ्यायला कार्यालयात गेले. तिथली पोरगी गोड हसली. "आजी, आता बदल पुढच्या हिवाळ्यात."

पुढचा हिवाळा! माझे गुडघे तोवर थांबतील का, हे तिला कोणी विचारायचं?

आठवड्याने कु बाईने स्वतःची खोली उघडली. तिथली जमीन तेवढी वेगळ्या जाड तारेने विजेवर तापते. पूर्वी मालक बिलावरून बोलेल म्हणून ती बंद ठेवायची. आता दुपारी सगळ्यांना बसायला बोलावलं. म्हातारे संत्री घेऊन रांगेने निघाले. शेजारचे मा पिल-सू तर कमरेत वाकून नमस्कार करत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लाज नाही वाटत? आपल्याच पैशाची ऊब आहे ती!"

"वाटते ना," पिल-सू म्हणाले. "पण बोटं वळत नाहीत हो, बुन्नेबाई. शिक्का धरता येत नाही."

दोन दिवस मी वरच बसले. पांघरुणाखाली नऊ जणांचे शिक्के होते. अजून परत केले नव्हते, कोणी मागितलेही नव्हते. तिसऱ्या दिवशी गुडघा वळेना. भिंतीला धरत धरत खाली उतरले.

कु बाईने सगळ्यांत ऊबदार कोपरा रिकामा केला. "या आजी, इथे बसा. सगळ्यांत मोठ्या तुम्ही."

मी बसले. ऊब हाडांपर्यंत गेली आणि डोळे भरून आले.

पिल-सूंनी कोपराने ढोसलं. "अहो, आभार तरी माना."

"फार उपकार झाले," मी म्हणाले. आणि वाईट याचंच वाटतं, की मनापासून म्हणाले.