पाटाचा नवरा

कान्हूने चहा बशीत ओतला, फुंकर मारून निववला आणि बशी गिरजाबाईच्या ओठांशी धरली. दोन घोट तिने घेतले, तिसरा हनुवटीवरून ओघळला. तो खांद्यावरच्या टॉवेलने पुसत असताना तिची नजर त्याच्या कानाजवळून पलीकडे, टीव्हीवर लागली होती. रविवार सकाळची देवादिकांची मालिका चालू होती. स्वर्ग दाखवत होते. चंदेरी मुकुट घातलेले देव पांढऱ्या धुरात घोट्यापर्यंत बुडून उभे होते.

“एवडा धूर कशाला सोडतात वो?” ती म्हणाली. “मानसाला ठसका लागंल.”

“तितं ठसका लागत नसंल.”

“कशावरून?”

कान्हूने बशी पुन्हा पुढे केली. तिने मान फिरवली.

पेणच्या डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं होतं. आता काय खायचं-प्यायचं ते देत जा, एवढंच ते म्हणाले होते. गावी, जित्याला आल्यावर कान्हूने तिची खाट ओटीवरून आत घेतली आणि टीव्हीसमोर लावली. तेव्हापासून तिचं बोलणं सारखं वरच्या जगाचं. त्यात भीती नव्हती. नवी नवरी सासरच्या गावाची चौकशी करते, तिथं पाणी कसं, शेजार कसा, तशी ती विचारत राहायची. तिला जे ठाऊक होतं ते तिने इकडून तिकडून गोळा केलेलं होतं. माहेरच्या भिंतीवर एक चित्र होतं, त्यात यमाचे दूत पापी माणसांना कढईत तळत होते. ही रविवारची मालिका होती. आणि एक शिनेमा होता.

तो शिनेमा तिने लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीनंतर पाहिला होता. भातं झोडून झाली की पेणच्या बाहेर मोकळ्या शेतात तंबू पडायचा. रघू तिला बैलगाडीत घालून घेऊन गेला होता. रघू म्हणजे तिचा पहिला नवरा. शिनेमात शेवटी नायक मरतो, मागोमाग नायिकाही मरते, आणि मग ढगांतून एक जिना वर जाताना दिसतो. तो दोन पायऱ्या पुढे उभा राहून हात देतो. ती वर चढते. लुगडं तेच, केसांतलं फूलसुद्धा तेच. तंबूतल्या बाया पदर डोळ्यांना लावून रडत होत्या आणि रघूने तोंडात बोटं घालून शिट्टी मारली होती.

हे गिरजाबाईने इतक्यांदा सांगितलं होतं की कान्हूला तो जिना पाठ झाला होता. त्या तंबूत तो कधी गेला नव्हता. तरी कधी कधी त्याला वाटायचं की आपण त्या दोघांच्या मागच्या ओळीत बसलो होतो.

पुढच्या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला खाडीचा बांध फुटला. गावातले सगळे गडी चिखलाची घमेली घेऊन धावले, त्यात रघूही होता. बांधाबरोबर तोही गेला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिवरांच्या मुळांत अडकलेला सापडला.

वर्ष सरल्यावर जाणत्यांनी गिरजाचा पाट कान्हूशी लावायचं ठरवलं. कान्हू तेव्हा खाडीकाठच्या मिठागरात कामाला होता, अंगाने धडधाकट, घरचा गरीब, बिनलग्नाचा. बिनलग्नाच्या गड्याने विधवेशी थेट पाट लावायचा नसतो, म्हणून आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लागलं. गावाबाहेर, कुंपणाच्या कडेला रुईला मुंडावळ्या बांधल्या, चार अक्षता टाकल्या, पोरं फिदीफिदी हसली. मग पाट लागला. वाजंत्री नाही, वरात नाही. तेव्हापासून गिरजाबाई त्याची पाटाची बायको. रघूची ती लग्नाची.

त्याने कधी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. निदान तसं दाखवलं नाही. मिठागर सुटलं, रोह्याला कंपनीत नोकरी लागली, तिन्ही शिफ्ट त्याने केल्या, एक मुलगी झाली, तिला रोह्यालाच दिली. दर वर्षी पितृपक्षात गिरजाबाई रघूच्या नावाने पान वाढायची. शिडी लावून ते कौलांवर ठेवायचं काम कान्हूचं. तो ठेवायचा, खाली उतरायचा आणि शिडी जागेवर ठेवून द्यायचा.

एका दुपारी ती बराच वेळ छताकडे बघत पडली होती. कान्हूला वाटलं, झोप लागली.

“तो बाविशीचाच असंल का वो?”

“कोन?”

विचारायची गरज नव्हती. पण त्याने विचारलं.

“गेला तवा बाविशीचा व्हता. मी ही अशी.” तिने चादरीतून हात बाहेर काढून बघितला. सुईच्या जागी हात काळानिळा पडला होता. “वलखंल का मना?”

कान्हू शेंगा सोलत होता. त्याने एक शेंग उगाच दोनदा उघडली.

“वर गेल्यावर सगली सारखीच व्हत असतील,” तो म्हणाला. “म्हातारं-तरनं काय नसंल तितं.”

“कोन सांगतं?”

“कोन नाय. मी म्हनतो.”

मग तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

“तुमची पयली उबी असंल की तितं. पानं हलवत.”

रुईचं झाड. ती हसायला लागली. हसताना खोकला आला, तरी ती हसतच राहिली. कान्हूही हसला. तिला आधार देऊन बसवलं, पाठीवरून हात फिरवला. हाताला नुसती हाडं लागत होती.

“नी मी आल्यावर?” त्याने विचारलं. तिच्या पाठीमागे होता, म्हणून विचारता आलं.

“तुमी या की. बसू तिगं.”

“नी चा कोन करंल?”

“तुमीच,” ती म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही. “त्याला कुटं येतो?”

कान्हूने तिला पुन्हा आडवं केलं, शेंगांची टोपली उचलली आणि परसात गेला. तिथं त्याने सालं गुरांना घातली. मग दगडावर बसून राहिला. परसामागच्या स्टेशनात रोह्याकडची गाडी आली, थांबली, निघून गेली, तरी बसून राहिला.

गोदूबाई भेटायला आली ती बुधवारी. ही रघूची धाकटी बहीण, जवळच्याच गावात दिलेली. भाऊ गेल्यावरही तिने गिरजाबाईला वहिनी म्हणणं सोडलं नव्हतं. येताना तिने ओटीत बांधून चाफ्याची फुलं आणली होती. ती उशाशी ठेवली आणि गिरजाबाईचं डोकं मांडीवर घेऊन केसांवरून हात फिरवत बसली.

“घाबरू नको गो वयनी,” ती म्हणाली. “दादा वाट बघत असंल. कवाचा उबा असंल बिचारा.”

कान्हू दारात उभा होता. त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. गोदूबाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. ती बापडी खरंच रडत होती.

“खरं का नाय वो भाऊ?”

“पानी घ्या,” कान्हू म्हणाला.

ती गेल्यावर गिरजाबाईने त्याला जवळ बोलावलं. आता तिचा आवाज ऐकायला वाकावं लागत होतं.

“आयका. माजा कावला लवकर शिवला पायजे. मागं लटकत रावायचं नाय मना. लोकं ताटकलतात, उन चडतं.”

“आता कशाला ते?”

“तुमी सांगाल तरच मी जाईन. दुसऱ्याचं नाय आयकायची. सांगाल नं? जा म्हनून?”

त्याने तिच्या पायांवरची चादर नीट केली. एका बाजूने जास्त आली होती, ती दुसऱ्या बाजूला ओढली.

“सांगाल नं वो?”

“गोली घे आदी,” तो म्हणाला.

चार-पाच दिवसांनी, सकाळी ती गेली. खिडकी उघडा म्हणाली, त्याने उघडली. गाडी गेली का, असं विचारलं. अजून नाय, तो म्हणाला. गाडी आली तेव्हा तो तिला सांगायला वळला. तिचे डोळे उघडेच होते.

दहाव्याला पेणला भोगावतीच्या काठावर सगळे जमले. मुलगी चंद्रावती, जावई पुंडलिक, गोदूबाई, भावकीतली काही माणसं. मुलगा नसल्यामुळे क्रिया कान्हूच करत होता. त्याचं डोकं भादरलेलं होतं, मिशी काढल्यामुळे वरचा ओठ उघडा आणि अनोळखी दिसत होता. गुरुजींनी सांगितलं तसं त्याने केलं. पिंड मांडले. चंद्रावतीने आईच्या आवडीचं पान वाढलं, भात, वडे, भाजलेला बोंबील. मग सगळे मागे सरले आणि पलीकडच्या उंबराकडे बघू लागले.

कावळे होते. बरेच होते. एक खाली उतरला, उड्या मारत पिंडाच्या हातभर अंतरावर आला, मान तिरकी करून त्याने पाहिलं आणि परत उंबरावर जाऊन बसला.

“आये, बाबांना मी रोह्याला नेते,” चंद्रावती हात जोडून म्हणाली. “त्यांची काळजी करू नको.”

कावळा हलला नाही.

“मामी, घरावरची कौलं मी चाळून घेतो,” पुंडलिक म्हणाला. “घर पडू देनार नाय.”

भावकीतल्या एकाने परसातल्या आंब्याचं नाव घेतलं, एकीने म्हशीचं. ऊन डोक्यावर यायला लागलं. बायकांनी पदर पुढे ओढले. लहान मुलं कंटाळून पाण्याकडे निघाली, त्यांना ओरडून परत बोलावलं.

शेवटी गोदूबाई कान्हूजवळ आली. तिने आवाज खाली ठेवला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

“भाऊ, तुमी बोला. तिचा जीव तुमच्या शबुदात आडकला असंल. दादाकडं जा म्हना तिला. मोकली करा.”

सगळे त्याच्याकडे बघत होते. कान्हू पुढे गेला. पिंडांपाशी जाऊन वाळूत बसला आणि त्याने हात जोडले. त्याचे ओठ हलले. उंबरावरचा कावळा एका फांदीवरून खालच्या फांदीवर आला.

कान्हूने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

गुरुजींनी थोडा वेळ जाऊ दिला.

“बोललात ना? आता मागे या,” ते म्हणाले. “माणूस जवळ असलं की तो येत नाही.”

कान्हू उठला नाही.

“कान्हूबाबा, मागे सरा.”

त्याने मांडी घातली. धोतराचा ओला सोगा पिंडांच्या इतका जवळ पडला होता की वाळूवरचे तीळ त्याला चिकटले. खाली आलेला कावळा पुन्हा वर गेला. पुंडलिक पुढे व्हायला लागला तसा चंद्रावतीने त्याचा हात धरला.

“बसू द्या त्यांना,” ती रडत म्हणाली. “सुटत नाय जीव.”

गोदूबाई मात्र रडत नव्हती. ती कान्हूच्या पाठीकडे टक लावून पाहत उभी होती.

ऊन चढत गेलं. कावळे एकेक करून उडून गेले. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, सुस्कारा सोडला, दर्भाच्या चार काड्या घेऊन त्यांची गाठ मारली, चोच आणि शेपूट केली आणि तो गवताचा कावळा पिंडाला टेकवला. काम झालं, असं ते म्हणाले. होतं कधी कधी असं, त्याचं मनाला लावून घ्यायचं नाही.

परत जाताना भांडी आणि माणसं टेम्पोत बसली. चंद्रावतीने पुढची सीट बापासाठी धरून ठेवली होती. मी मिनीडोर रिक्षाने येतो, कान्हू म्हणाला. ती म्हणाली, मी येते बरोबर. नको म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं की तिने पुन्हा आग्रह केला नाही.

नाक्यावर मिनीडोर उभी होती. कान्हू मागे चढला आणि सरकून बसला. बाहेरच्या कडेला वारा लागतो, ती जागा त्याने मोकळी ठेवली. गाडी भरत आली. सगळ्यात शेवटी एक बाई टोपली घेऊन चढली आणि त्या मोकळ्या जागेकडे वळली.

“सरका की वायच, बाबा.”

“हितं मानूस हाय,” कान्हू म्हणाला.

बाईने जागेकडे पाहिलं. मग खाली उतरून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. येणारं कुणी नव्हतं. ती काहीतरी बोलणार होती. पण त्याचं भादरलेलं डोकं, अजून न वाळलेलं धोतर आणि त्या जागेवर पालथा टेकवलेला हात तिला दिसला. ती चढली आणि टोपली मांडीवर घेऊन समोरच्या फळीवर दाटीत बसली.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली.