तळातलं पाणी कुणाचं काम?

संध्याकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या घरातलं स्वयंपाकघर. ओट्यावर दोन शेगड्या, त्यातली डावीकडची मोठ्या आचेवर. तिच्यावर मी होतो. घरात तीन माणसं होती आणि तिघंही जागी होती.

मी प्रेशर कुकर बोलतोय. त्या संध्याकाळी मी जळालो. त्यावर या घरात पुष्कळ बोलणं झालं, जिन्यात झालं, फोनवरून नातेवाइकांत झालं. दोष कुणाचा तेही ठरलं. जो जळाला त्याला मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून न विचारता बोलतोय. वाफ कोंडून धरण्यात माझं आयुष्य गेलं, पण ती वेळेवर सोडावी लागते, हेही या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमचा गोल पत्रा, त्यावर यंत्राचा एक दणका, की झालो खोलगट. मग कानाला दांडा ठोकला, झाकण बसवलं आणि आत हवा भरून मला पाण्याच्या टाकीत बुडवलं. एक बुडबुडा जरी वर आला असता तरी तिथेच बाद झालो असतो. माणसांना घरात घेण्याआधी अशी काही तपासणी होते का, मला माहीत नाही. या घरातली माणसं पाहता होत नसावी.

या घरात मी आलो तो भेट म्हणून. या घरातली आई तेव्हा रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. पहिलं मूल होणार म्हणून तिने नोकरी सोडली, तेव्हा तिथल्या लोकांनी निरोपाला मला दिलं. “आता घरी आराम कर हं!” असं म्हणून दिलं. आराम कर म्हणायचं आणि हातात कुकर ठेवायचा! सगळे हसले. तीही हसली. मी खोक्यात होतो, मला हसू आलं नाही.

पण बाईचा हात चांगला. तळात पाणी घातल्याशिवाय तिने मला कधी शेगडीवर चढवलं नाही. आधी पाणी, मग जाळी, मग डबे. शिट्टी उजेडाकडे धरून फुंकर मारायची, भोकातून सुई फिरवायची. रबर सैल झालं की दुसऱ्या दिवशी नवं हजर. कपडे वाळत घालत असो, मुलाचा अभ्यास घेत असो, माझा आवाज जरा बदलला की ती ओट्याशी उभी. इतकी वर्षं मी बिनधोक शिजवलं, ते माझ्या गुणाने नव्हे.

या घरात मोजकीच माणसं. बाबा मालवाहतुकीच्या कचेरीत बुकिंगच्या टेबलावर बसतात, सहाला घरी येतात. मुलगा कॉलेजात आहे. दाढी वाढवली आहे, बाकी वाढ बाकी आहे. आणि आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसून घर चालवतात.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी हे सगळे जेवणाच्या टेबलाशी जमले. कचऱ्याच्या डब्याशेजारी आदल्या रात्री बाहेरून मागवलेल्या जेवणाची खोकी रचलेली होती. बाबांनी तिकडे बोट दाखवलं.

“हे बंद! या वर्षी घरचंच जेवायचं. रोज. ताजं.”

“कोण करणार?” आईने विचारलं.

“करू की सगळे मिळून.”

“मग माझंही ऐका. लॅबच्या मॅडमचा फोन आला होता. दुपारी दोन ते नऊची पाळी आहे. तीन महिने काम बघतील, मग कायम करतील.”

मग बाबा म्हणाले, “घे की! आम्ही तिघं काय शोभेला आहोत?”

मला भरून आलं. खोटं कशाला बोलू? बाईने किती वर्षांनी हा विषय काढला होता!

मग बाबांनी पद्धत सांगितली. पद्धतीवर त्यांचा भारी जीव. “एकावर भार टाकायचा नाही. काम वाटून घ्यायचं. तांदूळ धुऊन डबे भरायचं काम माझं. कुकर लावायचा याने. आणि ताई, तू शिट्ट्या मोज.”

“मोजते,” आत्या म्हणाल्या. “गुडघे गेलेत, कान जागेवर आहेत.”

“बाबा, एका कुकरला तीन माणसं?” मुलगा म्हणाला. “घर आहे की कंपनी?”

“तुझ्यासारख्याला कामाला लावायचं तर कंपनीच काढावी लागते!”

“आणि भाजी?” आईने विचारलं.

“भाजी काय, तू जाताना करून ठेवशीलच.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे सगळे मिळून करायच्या स्वयंपाकातला निम्मा तिथेच तिच्या पदरात परत पडला, आणि ही गोष्ट फक्त ओट्यावरच्या भांड्यांच्या लक्षात आली.

कंपनी सुरू झाली. चालली म्हणतात तशी चालली. बाबांनी त्यांच्या धाकट्या भावाला फोन करून सांगितलं, “अरे, आमच्याकडे आता बायकांची कामं न् पुरुषांची कामं असलं काही उरलेलंच नाही.” मुलाने हातात पकड धरून माझ्याबरोबर फोटो काढला, तो शंभर जणांना आवडला. आत्या शेजारणीला म्हणाल्या, “आम्ही तिला मोकळं सोडलंय हो.”

आता खरी हकिगत ऐका. तळातलं पाणी कुणाच्या वाट्याला आलं होतं? कुणाच्याच नाही. बाबांच्या मते ते कुकर लावण्यात येतं. मुलाच्या मते ते डबे भरण्यात येतं. आणि गॅस बंद करणं? आत्यांचं काम मोजण्याचं, उठण्याचं नव्हे. मग रोज भात होत कसा होता? असा होत होता. दुपारी निघताना आई माझ्या तळात पाणी घालून, जाळी ठेवून, मला शेगडीवर तयार ठेवून जायची. आणि संध्याकाळी चहाच्या सुट्टीत लॅबमधून फोन करायची, “कुकर बंद केला का?” त्यावर घरातून ओरडा व्हायचा, “अरे, बंद कर रे!” आणि कुणीतरी उठायचं.

तिघांच्या कंपनीत कामं चौथं माणूस करत होतं. मोबदला शून्य, श्रेय शून्य. या अन्यायावर मी रोज शिट्टी मारायचो. ते म्हणायचे, एक झाली.

त्या दिवशी लॅबमध्ये गर्दी होती. गावात तापाची साथ होती. मॅडमनी तिला सकाळीच बोलावून घेतलं. तिने घाईघाईत भाजी केली आणि ती गेली. मी पालथाच राहिलो, कोरडा. संध्याकाळी चहाची सुट्टीही तिला मिळाली नाही. फोन आला नाही.

इकडे बाबांनी डबे भरले आणि ते टीव्हीसमोर बसले. मुलाने मला सरळ केलं, जाळी टाकली, डबे ठेवले, झाकण लावलं, गॅस मोठा केला. कानात गाणी होती. आत पाहिलं नाही. निघून गेला.

तळ कोरडा असला की काय होतं, ते मी सांगतो. आधी चटका बसतो. मग तळ ताणतो, फुगतो. वाफ धरायला हवी तेवढी होत नाही, म्हणून शिट्टी वर जात नाही. ओरडावं तर ओरडायचं साधनच नाही. रबर मऊ पडतं, मग करपतं. मी दांड्यापासून थरथरत होतो. आठ पावलांवर तीन माणसं बसली होती.

तेवढ्यात शिट्टी झाली. माझी नव्हे. शेजारच्या घरातल्या कुकरची. दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच बोळात उघडतात.

“एक!” आत्या म्हणाल्या.

मी आत तडफडतोय आणि ही बाई शेजाऱ्यांचा भात मोजतेय!

“दोन!... तीन. झाल्या रे!”

“ऐकलंस का?” बाबा टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले.

“हो!” आतल्या खोलीतून मुलगा.

कुणी उठलं नाही. मोजणारीने मोजलं होतं, विचारणाऱ्याने विचारलं होतं, ऐकणाऱ्याने ऐकलं होतं. पद्धत पूर्ण झाली होती.

“कसला तरी वास येतोय,” थोड्या वेळाने बाबा म्हणाले.

“शेजारी जळलं असेल काहीतरी,” आत्या म्हणाल्या. “तिचं लक्षच नसतं.”

मग माझा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला. फस्सकन आवाज झाला आणि काळा धूर स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आला. दार वाजायला लागलं. मुलाने उघडलं, तशी शेजारीण पदराने नाक धरून थेट आत घुसली, तिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आत्यांना गॅलरीत नेऊन पाणी दिलं.

“अहो, माझा कुकर मी केव्हाच उतरवला,” ती म्हणाली. “तुमचा कोण उतरवणार होतं?”

“बघतोच आहोत आम्ही,” असं म्हणून बाबांनी फोन हातात घेतला आणि लॅबला लावला. “अगं, लगेच निघ. कुकर गेला. घरभर धूर झालाय.”

आई धावत आली. जिने चढून तोंडाला फेस आला होता. आधी तिने आत्यांना हात लावून पाहिलं, मग मुलाला, मग नवऱ्याला. मग मला.

“तळात पाणी नव्हतं,” ती म्हणाली.

“तेच तर!” बाबा म्हणाले. “रोज घालतेस ना? मग आज का नाही घातलंस?”

“आणि फोनही नाही केलास,” आत्या म्हणाल्या. “आम्ही वाट बघत होतो.”

तिने पातेलं काढलं, तांदूळ धुतले आणि ओट्याशी उभी राहून उघड्यावर भात लावला. ताटं घेतली गेली. सगळे जेवले. मी मोरीत, काळाठिक्कर, पाण्यात पडून ते ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशीपासून निकाल लागायला लागले. धाकटे काका फोनवर म्हणाले, “बाईचं लक्ष घरात नसलं की असंच होतं.” आत्या जिन्यात म्हणाल्या, “आम्ही मोकळं सोडलं, तिलाच झेपलं नाही.” बाबा हे कधी म्हणाले नाहीत. ते एवढंच म्हणाले, “एखादं वर्ष थांबली असतीस तर बरं झालं असतं.” चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी जवळून पाहिली. मुलगा माझा फोटो खोडायला मात्र विसरला नाही.

मॅडमचा फोन आला तेव्हा ती ओट्याशीच होती. स्पीकर चालू होता, हाताला पीठ लागलेलं. धुराच्या दिवशी ती निघाली तेव्हा यंत्रात लावायच्या रक्ताच्या नळ्या तशाच बाहेर राहिल्या होत्या. त्या वाया गेल्या. लोकांना परत बोलावून सुया टोचाव्या लागल्या. त्यात एक तान्हं मूल होतं.

“तुमचं काम चांगलं आहे हो,” मॅडम म्हणाल्या. “पण अर्ध्यातून उठून गेलात. मी वर काय सांगू? कायम करायचं आता पुढच्या वर्षी बघू. तोवर तात्पुरत्याच राहा. आणि परत असं झालं तर...”

“नाही होणार,” ती म्हणाली. फोन ठेवला. पीठ मळून पूर्ण केलं. इतकं मळलं की कणकेला जीव असता तर तिने पोलिसांत तक्रार दिली असती.

त्या रात्री जेवताना तिने विचारलं, “तुम्ही फोन केलात तेव्हा गॅस बंद होता ना?”

“होता,” बाबा म्हणाले.

“सगळे ठीक होते?”

“हो, म्हणजे धूर होता. घरात एवढं झालं, तुला कळवायचंही नाही?”

“कळवलं नाहीत. निघ म्हणालात.”

“आता शब्दात पकडू नकोस हं.”

“पकडत नाही. विचारतेय. मी येऊन काय करायचं होतं?”

आत्यांनी पाणी मागितलं. मुलगा मोबाइल घेऊन उठला. बाबांनी भात वाढून घेतला.

ती अजून लॅबला जाते. तात्पुरती. निघताना कुणाच्याही डब्याला, शेगडीला हात लावत नाही. घरात बाहेरची खोकी परत यायला लागली आहेत आणि पाहुण्यांना सांगितलं जातं, “ही कामाला जाते ना, म्हणून.”

मी सध्या गॅलरीत आहे, फरशी पुसायच्या बादलीशेजारी. तळ फुगलाय, झाकण बसत नाही. भंगारवाला येईल तेव्हा जाईन, त्याचं मला दुःख नाही. मी वितळून दुसरं काहीतरी होईन. नव्या वर्षी संकल्प करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. घरचं जेवायचं ठरवा, जरूर ठरवा, पण ठरवताना शेगडीशी उभं राहून ठरवा, टेबलाशी बसून नको. आणि माझ्या जळण्याची गोष्ट सांगायचीच असेल तर ती पुरी सांगा.

बाबांनी फोन लावला तेव्हा गॅस बंद झालेला होता, खिडक्या उघड्या होत्या आणि तिघंही धडधाकट होती. त्या घरात त्या घटकेला करायचं एकच काम शिल्लक होतं. भात लावायचा राहिला होता.