चौथा खांदा

पितांबर त्या रविवारी प्रार्थनेला आला नाही, तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली. ताप असता तर त्याच्या बायकोने, लताबाईने, निरोप धाडला असता. आमची मंडळी ती केवढी! माझ्या ओसरीवर बसणारी सहा माणसं. एक जरी कमी झालं तरी चटईला भोक पडल्यासारखं दिसतं.

मी यशोदाबाई, गावची सुईण. मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणं शिकले, तिथंच प्रभूला धरलं. दोंडाईच्याच्या अलीकडच्या पाच गावांतली निम्मी पोरं माझ्या हातात पहिल्यांदा रडली. म्हणून मला कुणी तोंडावर बोलत नाही, आणि मी कुणाची भीड ठेवत नाही.

प्रार्थना संपताच लोटन आणि त्याचा मेहुणा पुना यांना म्हटलं, चला रे माझ्याबरोबर.

पितांबर अंगणात खाटेवर बसला होता आणि समोर सुपात गहू होते. काय ते मी ओळखलं. साल अठ्ठ्याऐंशी, श्रावण लागलेला, आणि पुढल्या रविवारी आमच्या भागातली देवी, कानबाई, घरोघर बसायची होती. आमच्याकडे कानबाईच्या रोटाला, म्हणजे तिच्या प्रसादाला, भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मोजून गहू जातात. ज्याच्या नावाची मूठ नाही, तो भाऊबंद नाही. पितांबरचा थोरला भाऊ अभिमन सकाळीच बजावून गेला होता, की मूठ दे, नाहीतर तू मेल्यावर आमच्यातला एकही तुला खांदा द्यायला येणार नाही.

मूठभर गव्हानं काय बिघडतं, असं पितांबर मला विचारू लागला. मी म्हटलं, बाबा, भक्तीनं देत असशील तर खुशाल दे, सूप मीच उचलून नेते. कानबाईशी माझं काही भांडण नाही. पण तू भ्यायलास म्हणून देतोयस. त्यावर तो एवढा मोठा गडी हमसून हमसून रडला.

"अक्का, तुना म्हातारा बैलगाडीमा गया," तो म्हणाला. "मी देखं व्हतं."

खरं होतं ते. नऊ वर्षांपूर्वी माझा नवरा गेला, तेव्हा गावात ख्रिस्ती आम्ही दोघंच. चार खांदे काही मिळाले नाहीत. गाडीत कडब्यावर त्याला ठेवलं आणि मागून मी एकटी चालले. चाक खड्ड्यात गेलं की त्याचं डोकं फळीवर आपटायचं. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

खरं तर मला पितांबरची कीव यायला हवी होती. आला तो राग. मी त्याला दंडाला धरून खाटेवरून उठवलं आणि पदर डोक्यावर ओढून स्वतःच आडवी झाले.

"उचला मले," मी म्हटलं.

तिघं मागं सरकले. जित्या माणसाला खांद्यावर घ्यायचं म्हणजे केवढा अपशकुन! लोटन म्हणाला की खाटेला पाय चार आणि आपण गडी तीनच. तेवढ्यात लताबाई चुलीपुढून उठली, पदर खोचला आणि माझ्या डोक्याकडचा एक पाय धरून उभी राहिली. आमच्या गावात बाईमाणसानं तिरडीला हातसुद्धा लावायचा नसतो. मग मात्र पितांबरनंही पुढं होऊन दुसरा पाय धरला.

उचललं बाई मला! लताबाई ठेंगणी, त्यामुळे खाट एका कोपऱ्याला कलली. मी कडा घट्ट धरल्या आणि सांगितलं, अभिमनच्या दारावरून न्या. पडल्या पडल्या मोठ्यानं भजन धरलं. माझा आवाज म्हणजे फुटकी घागर, पण गल्ली दणाणली. दारादारात बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. कुणी हसत होतं, कुणी थू थू करत होतं. हसा म्हटलं, तुमच्यातल्या निम्म्यांना मीच उलटं धरून रडवलंय.

अभिमन ओट्यावर उभा होता. खाट त्याच्यासमोर थांबली. पितांबरच्या बाजूनं खाट जराशी खाली झुकली. हा आता मला खाली ठेवतो आणि सूप आणायला जातो, असं वाटून माझा जीव टांगणीला लागला.

"भाऊ," पितांबर म्हणाला, "गहू देवाव नही मी. मना खांदाले तू नको येऊ."

अभिमननं तोंड फिरवलं.

"पण तुनी येळ उनी, तं मी येसू. तुना खांदाले मी येसू, भाऊ."

आपली वेळ आली की धाकटा खांद्याला येणार, हे ऐकून अभिमननं पुन्हा त्याच्याकडे तोंड वळवलं. मी वर उताणी पडून पदरात तोंड घालून रडत होते, नऊ वर्षांचं सगळं रडत होते. शेवटी मीच म्हटलं, पुरे झालं, आता उतरवा, चालत जाईन. लताबाईचा खांदा भरून आला होता. पण माझ्या दारापर्यंत तिनं खाट खाली ठेवू दिली नाही.